न किडलेल्या वांग्यांची चंपाषष्ठी

मुलुंडला थंडी पडते असं म्हटलं की दादरचे लोक हसतात. हसोत बापडे. मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे पहाटे डोंगराच्या बाजूने गार झुळूक येते, पूर्वेच्या मिठागरांवरून तिला जरासा खारटपणा मिळतो आणि सोसायटीतले कारखानीसकाका कानटोपी घालून फिरायला खाली उतरतात. तापमान किती, हे कुणी विचारत नाही. कानटोपी दिसली म्हणजे थंडी आली. आणि थंडी आली म्हणजे स्टेशनबाहेरच्या बाजारात वांगी आली.

वांगी हल्ली बाराही महिने मिळतात, पण ती नुसती असतात. थंडीतली वांगी बाजारात येतात ती नवऱ्यामुलासारखी. भरताची मोठी, काळीजांभळी, तेल लावल्यासारखी चमकणारी. भाजीची छोटी, देठाला बोचरे काटे असलेली. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची. ओल्या गोणपाटावर त्यांचे ढीग लागतात, भाजीवाली वरून हाताने पाणी शिंपडते आणि सकाळचं ऊन त्या थेंबांवर पडतं. मी तिथे उगाच रेंगाळतो. एखादं हातात घेतो, हलकं आहे का बघतो, कारण हलकं वांगं भरताला चांगलं. देठाचा काटा बोटात घुसतो आणि मला बरं वाटतं.

याला कारण आमच्या घरची रीत. आमचं कुलदैवत खंडोबा. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा आणि वांगं पोटभर खायचं आणि मग वांग्याला रामराम ठोकायचा, तो थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत. त्या दिवशी देवाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत यांचा नैवेद्य, आणि मगच आपल्या तोंडात वांगं. माझ्यासारख्या वांगेवेड्या माणसाला हा वनवासच. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की देवाला वांग्याचं एवढं वावडं का? ते म्हणाले, "देवाला कसलं वावडं? पावसाळ्यात वांग्यात अळ्या फार. आता तुला अळी म्हणून सांगितलं तर तू ती काढून टाकशील आणि उरलेलं खाशील. म्हणून देवाचं नाव घ्यायचं." वडील देवभोळे होते, पण भोळे नव्हते.

परवा बाजारात असंच एक वांगं हातात आलं. फिरवून फिरवून बघितलं. कुठे भोक नाही, डाग नाही, नितळ. भाजीवाली म्हणाली, "काका, आरशात बघितल्यासारखं काय बघताय? घ्या की." मी घेतलं, पण पिशवीत टाकताना मला हसू फुटलं. एका नितळ वांग्यावरून आमच्या घरात केवढं रामायण झालं होतं, ते आठवलं. करोना ओसरल्यानंतरची ती दुसरी की तिसरी थंडी.

आमच्या वरच्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते, विजूताई. भावजी अकाली गेले तेव्हा तिने डबे द्यायला सुरुवात केली, आणि आता निम्म्या मुलुंडचं पोट तिच्या हातावर आहे म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. एकटे राहणारे म्हातारे, बँकेतली बदलीवर आलेली पोरं, बाळंतिणी, सगळी तिची गिऱ्हाइकं. सकाळी जिन्यात येणाऱ्या फोडणीच्या वासावरून मी वार सांगू शकतो. मला ती अजून "दिल्या" म्हणते, माझं डोकं पार पांढरं झालं तरी.

तिची एकुलती एक केतकी. लहानपणी चतुर्थीच्या मोदकाचं सारण चोरून खाणारी, मोठेपणी पार्ल्याच्या कॉलेजात वनस्पतींचं शास्त्र शिकलेली, आणि मग त्यातच डॉक्टर झालेली. तिला त्या वर्षी दिवाळीनंतर हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. काम कशाचं? तर वांग्याचं. अळी लागणार नाही असं वांगं तयार करायचं. मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं. भाचीने पृथ्वीवरचं कुठलंही फळ निवडलं असतं, पण तिने वांगं निवडलं. मामाचं रक्त, दुसरं काय!

ताईला मात्र ते रुचलं नाही. मी त्या वेळी तिच्याकडे चहाला बसलो होतो, उरलेली दिवाळीची शेव आणि दुकानातून आणलेलं फरसाण पुढ्यात होतं, म्हणून सगळं भांडण मला पहिल्या रांगेतून बघायला मिळालं.

"म्हणजे वांग्यात विष घालायचं," ताई म्हणाली.

"विष नाही गं आई. मातीत एक जिवाणू असतो. त्याच्यातलं एक जनुक वांग्यात आणायचं. मग वांगं स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीने ते खाल्लं की तिच्या पोटात ते कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि ती मरते. आपल्या पोटात ते कुलूपच नाही. आपण ते वरणासारखं पचवून टाकतो."

"जिवाणू म्हणजे जीवच ना? मग ते वांगं शाकाहारी कसं?"

"आणि तू रोज दुधाला विरजण लावतेस, त्यात काय असतं? जिवाणूच ना?"

दुसरं कुणी असतं तर इथेच हरलं असतं. पण ती माझी बहीण आहे. "दही लोक पिढ्यान्‌पिढ्या खातायत. तुझं वांगं कोणी खाल्लंय?"

"बांगलादेशात खातात. शेतकरी पिकवतात, बाजारात विकतात."

"मग तिकडे सुरू कर डबे!"

दार उघडंच होतं. समोरच्या परबवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कुडाळकडच्या. सासरे गिरणीत होते, लालबागची खोली विकून ही मंडळी इकडे आली. परबवहिनींना भांडणाचा वास फोडणीच्या आधी येतो. त्या म्हणाल्या, "आमका काय फरक पडता गो? आमी वांग्यात सुकी सुंगटा घालतो. शाकाहाराचो प्रश्नच नाय!" आणि स्वतःच खो खो हसत आपल्या घरात गेल्या. वहिनींच्या त्या सुकटीच्या वांग्यासाठी मी चातुर्मास मोडला असता, पण देवाच्या भीतीने नाही तरी ताईच्या भीतीने मोडला नाही.

ताईला राग आला की ती खाते. तिने फरसाणाची वाटी पुढे ओढली. केतकीने शांतपणे पाकीट उलटं केलं आणि मागचं वाचलं. "कापूसबियांचं तेल. सरकीचं. आपल्याकडचा बहुतेक सगळा कापूस जनुक बदललेलाच आहे, आई. म्हशी त्याचीच पेंड खातात, फरसाण त्यातच तळलेलं असतं. तू किती वर्षं खातेयस."

मी हातातली मूठ तोंडाशी नेता नेता थांबवली आणि मग नेली. थांबवून आता काय उपयोग होता?

ताईने वाटी खाली ठेवली. आवाज मात्र चढवला नाही. "मला कुणी विचारलं होतं?"

"तेलात ते प्रथिन उरत नाही गं, तेल गाळताना..."

"उरो नाहीतर न उरो. मला कुणी विचारलं होतं का? माझ्या डब्यात उद्या मेथीऐवजी पालक असला, तरी मी आज सांगून ठेवते लोकांना. आणि तुम्ही लोकांच्या ताटात नवीन काहीतरी वाढणार, तेही न सांगता?"

केतकीने पाकीट खाली ठेवलं. "मी मुलाखतीला जाणार आहे," एवढंच ती म्हणाली. "जा. मला सांगू नकोस," ताई म्हणाली. आणि मायलेकींचा अबोला सुरू झाला.

आमच्या घराण्यातला अबोला ही बघण्यासारखी गोष्ट आहे. त्यात कुणी रडत नाही, दारं आपटत नाही. फक्त सगळं बोलणं तिसऱ्या माणसाकडून होतं. त्या मोसमात तो तिसरा माणूस मी होतो. "दिल्या, तिला सांग, दूध उतू जातंय," ताई म्हणायची, आणि केतकी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मी सांगेपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं.

संध्याकाळी केतकी खाली माझ्याकडे येऊन बसायची. बाल्कनीत मिठागरांकडचा वारा यायचा आणि लांबच्या हमरस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे हलताना दिसायचे. आयुष्यभर मी विमा विकला. त्यामुळे फायदा मोठ्या अक्षरात आणि जोखीम बारीक अक्षरात कशी छापतात, हे मला पाठ आहे. मी तिला म्हटलं, "बाई, तू मला तुझी पॉलिसी समजावून सांग. बारीक अक्षरं आधी."

"मामा, तू पण ना!" असं म्हणून ती हसली, पण सांगितलं. म्हणाली, पहिली भीती अशी, की अळी सरावेल. कापसात तसंच झालं, गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनाला पुरून उरली आणि शेतकरी पुन्हा फवारणीवर आले. दुसरी भीती परागकणांची. वांगं हे आपल्याच मातीतलं झाड, गावागावाची जात वेगळी. कुठलं काटेरी, कुठलं पांढरं, कुठलं गोडसर. माशी एका शेतातून दुसऱ्या शेतात गेली आणि हे नवं जनुक त्या जुन्या जातींत शिरलं, तर ते परत काढता येत नाही. तिसरी गोष्ट शास्त्राची नाहीच. बियाणं कोणाच्या मुठीत राहणार? आणि चौथी, आईने विचारली ती.

"आणि मोठ्या अक्षरातलं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "शीतल आठवते ना? माझी पार्ल्याची मैत्रीण, दौंडकडची. तिच्या बाबांची वांगी आहेत. मामा, मी त्यांना फवारताना पाहिलंय. तोंडाला नुसता पंचा गुंडाळायचा आणि पाठीवर पंप. संध्याकाळी त्यांचे हात असे लाल असतात आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही. आणि एवढं करून अळी मरत नाही, कारण ती एकदा वांग्यात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग पुन्हा फवारा. मला त्यांच्या पाठीवरचा तो पंप उतरवायचाय रे. बस, एवढंच."

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी दोघींच्याही बाजूने होतो. वर गेलो की मला ताईचं पटायचं, खाली आलो की केतकीचं. पण त्या संध्याकाळी मी मनात एक हिशेब मांडला. आमच्या पूर्वजांनी अळीवर उपाय म्हणून पावसाळाभर स्वतः वांगं सोडलं, आणि माझी भाची अळीलाच वांगं सोडायला लावणार होती. दोन्हींमध्ये वांग्यावरचं प्रेम सारखंच होतं.

मुलाखत झाली आणि चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी केतकी परत आली. मी दूध घेऊन वर चढत होतो, ती जिन्यातच भेटली. पाठीला सॅक, हातात एक फुगलेली कापडी पिशवी, डोळे जागरणाने लाल, पण चेहरा सांगत होता.

"मिळाली?"

"मिळाली. तिथेच सांगितलं त्यांनी. याच आठवड्यात कळवायचंय," ती म्हणाली. मग तिने जिन्याचा कठडा धरला. "पण आई 'हो' म्हणाली तरच जाणार, मामा. तिला फसवल्यासारखं वाटत असताना मी तिथे जाऊन लोकांच्या खाण्याला हात लावू? नाही जमणार मला."

मी म्हटलं, "अगं, मग सांग तिला तसं."

"बोलत नाहीये ना ती."

"तू तरी कुठे बोलतेयस?"

यावर तिने नाक उडवलं आणि वर गेली. नाक उडवण्याची ही तऱ्हा तिने कोणाकडून उचलली, हे मला वेगळं सांगायला नको.

चंपाषष्ठीला ताईकडे तळी उचलतात. तळी म्हणजे ताम्हणात भंडारा, सुपारी, खोबऱ्याची वाटी ठेवायची, सगळ्यांनी मिळून ते ताम्हण धरून वर उचलायचं आणि खंडोबाचा जयजयकार करायचा. सोसायटीत आमचं एकच घर या रीतीचं, पण उचलायला सगळा मजला येतो. भक्ती थोडी, भरीत जास्त, हे उघड गुपित आहे. त्या दिवशी डब्यांना सुट्टी असते आणि ताई दणकून भरीत करते.

वांगी ताईने आदल्या दिवशीच आणली होती. वांगी निवडायची तिची एक खास पद्धत होती. ज्याला भोक असेल ते घ्यायचं. अळीने खाल्लं म्हणजे त्यावर औषध मारलेलं नाही, असा तिचा सिद्धांत. बाजारात बाकीच्या बायका नितळ वांगी वेचत असायच्या आणि ही किडकी. भाजीवालीला ती देवासारखी वाटत असणार. केतकीने तिला कितीदा तरी सांगितलं होतं, की किडकं वांगंही फवारलेलंच असतं, पण ताईचा त्या अळीवर सरकारी शिक्क्यासारखा विश्वास होता.

त्या सकाळी मी रोडग्यासाठी बाजरीचं पीठ चाळत बसलो होतो. ताईने पहिलं वांगं चिरून बघितलं. आत काळा भुगा. दुसरं, तेही तसंच. तिसऱ्यातून तर एक गुबगुबीत गुलाबीसर अळी बाहेर आली आणि ओट्यावरून चालू लागली. होता होता अर्ध्याहून जास्त वांगी केराच्या टोपलीत गेली. उरलेल्यात देवाचं भागलं असतं, मजल्याचं नाही. पाहुणे यायची वेळ झालेली, बाजार लांब. ताई ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिला असं हरलेलं फार कमी वेळा पाहिलंय.

केतकी आंघोळ करून आली होती. तिने टोपलीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती फुगलेली पिशवी आणून ओट्यावर उपडी केली. वांगी! भरताची मोठी, काळीजांभळी, एकूण एक नितळ. रिकामी पिशवी तिने दारामागच्या खिळ्याला अडकवली. पिशवीवर ठळक अक्षरांत त्या हैदराबादच्या संस्थेचं नाव छापलेलं होतं.

मी ते नाव वाचलं. ताईनेही वाचलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आता ही काहीतरी बोलेल म्हणून मी चाळणी थांबवली. ताईचे ओठ हलले, पण अबोला म्हणजे अबोला. तिने पीठ पुढे ओढलं आणि रोडगे थापायला घेतले.

केतकीने वांग्यांना तेलाचं बोट फिरवलं, सुरीने टोचे मारले आणि ती गॅसवर ठेवली. पुढचं सगळं मला नाकाने आठवतं. आधी तेलाचा वास, मग साल करपल्याचा, मग आतला गर शिजून देठाशी फसफसायला लागला की येणारा तो धुरकट गोडसर वास. तो स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आला, दाराखालून जिन्यात गेला, आणि सबंध इमारतीला कळलं की वनवास संपला. आज सगळीकडे जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत, स्वयंपाकघरात धूर ओढणारी यंत्रं आली आहेत. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण वांगं भाजल्याची बातमी आता दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही.

मंडळी जमली. तळी उचलली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" परबवहिनींचा आवाज सगळ्यांत वर. भंडाऱ्याने सगळ्यांची कपाळं पिवळी झाली, कारखानीसकाकांची तर कानटोपीसुद्धा. नैवेद्य दाखवला. पानं वाढली. रोडगा, भरीत, पातीचा कांदा, ठेचा, लोण्याचा गोळा. आणि परबवहिनी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या.

बाहेर आल्या त्या गप्प. वहिनी गप्प, म्हणजे काहीतरी आक्रीत. त्यांनी कारखानीसकाकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काका उठून आत जाऊन आले. काका म्हणजे सेंद्रियाचे कट्टर भक्त, त्यांच्याकडे मीठही सेंद्रिय असावं असा माझा संशय आहे. बघता बघता पंगतीत कुजबुज फिरली आणि एकेकाचा हात भरताच्या बाजूने वळून ठेच्याकडे जायला लागला. रोडगा संपत होता, कांदा संपत होता. भरीत मात्र प्रत्येकाच्या पानात वाढलं होतं तसंच. माझ्याही. आता लपवण्यात काय अर्थ? आषाढापासून ज्या घासाची वाट बघितली तो समोर होता आणि माझा हात पुढे जाईना.

केतकी वाढत होती. तिला काही कळेना. "काय झालं? तिखट झालंय का?"

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसले, आणि पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. रोडग्याचा तुकडा मोडला, त्यावर चांगलं बचकभर भरीत घेतलं.

"विजूताई, जरा विचार करा," कारखानीसकाका हळूच म्हणाले. "ही वांगी कुठून आलीत, माहिती आहे ना?"

"आहे. माझ्या लेकीने आणलीत," ताई म्हणाली आणि घास तोंडात घातला.

ती चावत होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. भीती तिच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसत होती. तिने डोळे मिटून घेतले होते. पण तिने तो घास गिळला आणि दुसरा घेतला. मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता आणि स्वतःची इतकी लाजही.

केतकी भरताचं पातेलं हातात धरून उभी होती. तिच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. "एक मिनिट, एक मिनिट. तुम्हाला काय वाटलं, ही त्या लॅबमधली वांगी आहेत? अरे देवा! यार, तसलं वांगं संस्थेच्या फाटकाबाहेर काढता पण येत नाही. कुंपणाच्या आत कुंपण असतं तिथे. ही शीतलच्या शेतातली आहेत. काल रात्री तिच्याकडे उतरले होते ना मी. पिशवी तेवढी मुलाखतीला मिळालेली."

"साधी वांगी?" काकांनी विचारलं.

"एकदम साधी."

"पण मग एवढी नितळ कशी?"

"फवारून. आठवड्यातून दोनदा फवारतात तिचे बाबा."

"हात्तिच्या!" काकांचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक आहे. मग काही हरकत नाही." आणि त्यांनी भरताचा घास उचलला. वहिनींनी उचलला. "माका वाटला काय नि काय! वाढ गो आनी थोडा." बघता बघता सगळी पंगत भरतावर तुटून पडली. फवारलेलं म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

ताई घास हातात धरून हे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दिल्या, ऐकलंस? औषध मारलेलं चालतं रे यांना! दोनदा मारलेलं!" केतकीनेही पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. मग मी, मग वहिनी. सगळ्यांत शेवटी काका, त्यांना जरा वेळ लागला. त्या हसण्यात अबोला कधी मोडला, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. "बस आता, जेवून घे," असं ताई केतकीला म्हणाली, थेट, माझ्याकडे न बघता. माझी नोकरी गेली.

मंडळी गेल्यावर आम्ही तिघंच उरलो. भांड्यांचा ढीग, जमिनीवर भंडाऱ्याचे पिवळे पाऊलठसे. केतकीने आईला सगळं सांगितलं, नोकरी मिळाल्याचं, आठवड्यात कळवायचं असल्याचं. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार," ती म्हणाली. ताई बराच वेळ पातेलं घासत राहिली. मग नळ बंद केला.

"जा तू. पण एक अट आहे. डबे भरायच्या आधी मी रोज प्रत्येक पातेल्यातला पहिला घास स्वतः खाते. ताप असला तरी खाते. वाढणाऱ्याने आधी खायचं, असं माझं आहे. तुझं ते वांगं लोकांच्या ताटात जाईल, त्याच्या आधी ते माझ्या ताटात आलं पाहिजे. आणि त्यातलं काय कळलंय, काय नाही कळलं, ते मला खरं खरं सांगून. आहे कबूल?"

"कबूल," केतकी म्हणाली.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. ते वांगं अजून कुंपणाच्या आतच आहे. परवानग्या, चाचण्या, वाद, सगळं रेंगाळत चाललंय, आणि मला विचाराल तर थोडं रेंगाळलेलं बरंच. वाट बघण्यात आमचं घराणं तरबेज आहे. दर रविवारी केतकीचा फोन येतो आणि ताई तिला शाळेच्या बाईंसारखी विचारते, या आठवड्यात काय कळलं? काय नाही कळलं? ताईने किडकी वांगी आणणं सोडलंय, पण नितळ वांग्यावरही तिचा विश्वास नाही. ती आता भाजीवालीलाच विचारते, कुठल्या गावची, किती वेळा फवारली? भाजीवाली तिला दुरून येताना बघितलं की कपाळाला हात लावते. आणि मी? मी वांगी खातो. पण हल्ली पहिल्या घासाआधी, कोण जाणे का, त्या पंपाखालच्या पाठीची आठवण येते.

पण केतकी हैदराबादला निघाली तो दिवस सांगायचा राहिला. केतकीची बॅग दारात, खाली रिक्षा उभी. ताईने तिच्या हातावर दही ठेवलं. केतकीने ते चाटलं, वाकून नमस्कार केला, आणि वर उठता उठता हळूच विचारलं, "आई, खरं सांग. त्या दिवशी तुला वाटलं होतं ना, ती माझ्या लॅबमधली आहेत? भीती नाही वाटली?"

"वाटली की," ताई म्हणाली. "म्हणूनच तर आधी मी खाल्लं."